खंदकांतील दिवस आणि एक कुंचला

नागपूरच्या रहिवाशांना सैनिकाचें दर्शन नवें नाहीं. शहराच्या मध्यभागीं सीताबर्डीचा किल्ला उभा आहे आणि १८१७ सालच्या लढाईची आठवण त्या टेकडीशीं कायमची जोडली गेलेली आहे. कामठीची छावणी १८२१ सालची. याच कामठींत १९४२ सालीं महार रेजिमेंटची दुसरी पलटण उभी राहिली व पुढें ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. असें असूनहि नागरिकाच्या डोळ्यांपुढें सैनिक येतो तो बहुधा दोनच ठिकाणीं : संचलनांत आणि स्मारकावर. दोन्ही ठिकाणीं तो ताठ उभा असतो, त्याचा गणवेष स्वच्छ असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलाहि थकवा दिसत नाहीं.

युद्धांत मात्र सैनिकाचे बहुतेक दिवस अशा ताठ अवस्थेंत जात नाहींत. ते जातात जमिनींत खणलेल्या खळग्यांत, ओल्या कांबळ्याखालीं, थंड झालेल्या चहाच्या टमरेलाशेजारीं आणि मुख्यतः वाट पाहण्यांत. हल्ला कांहीं मिनिटांचा असतो. त्याच्या आधींचे दिवस आठवड्यांनीं मोजावे लागतात. या दिवसांचें चित्र कोणी काढलें आहे काय, आणि काढलें असल्यास त्यांत काय दिसतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न केवळ कलेचा नाहीं. ज्या गोष्टीचें चित्र मागें राहतें, ती पुढच्या पिढीला आठवते. जिचें चित्र राहत नाहीं, तिच्या जागीं हळूहळू एखादी सोयीची कल्पना येऊन बसते.

युद्धाचीं चित्रें सर्व देशांत फार पूर्वींपासून काढलीं गेलीं. आपल्याकडे अकबरनाम्यांतील चित्तोडच्या वेढ्याचीं चित्रें प्रसिद्ध आहेत. त्यांत उडालेला सुरुंग आहे, किल्ल्याकडे सरकणारा आच्छादित मार्ग आहे, आणि तो बांधणारे कष्टकरीहि आहेत. परंतु चित्राचा सारा रोख बादशहाच्या विजयाकडे आहे; मजुराची पाठ दुखत होती कीं काय, हें सांगण्याचें त्या चित्राला कारण नव्हतें. युरोपांतील मोठमोठ्या युद्धचित्रांचीहि तीच तऱ्हा. पुढें घोड्यावर सेनापति, मागें धूर, आणि धुरांत असंख्य अनामिक टोप्या.

१९१४ सालच्या महायुद्धानें ही पद्धत निरुपयोगी करून टाकली. यांत्रिक बंदुका आणि दूर पल्ल्याच्या तोफा यांच्यापुढें उभें राहणें अशक्य झालें, तेव्हां लक्षावधि माणसें जमिनींत शिरलीं. फ्रान्स व बेल्जियमच्या रणभूमीवर दिवसां पाहणाऱ्याला उखणलेली माती आणि कांटेरी तारा यांच्यावांचून कांहीं दिसेना. चित्रकाराला दाखविण्यासारखी लढाईच नाहींशी झाली. उरला तो खंदकांतील माणूस. त्या मातींत मराठी माणसांचेहि हात होते. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन तुकड्या १९१४ सालच्या ऑक्टोबरांत फ्रान्समधील न्यव्ह शापेलच्या लढाईंत उतरल्या होत्या. खंदक खणणें, तारा बांधणें, सुरुंग पेरणें हेंच ज्यांचें काम, अशा या लोकांना त्या गांवीं बंदुकीला संगीन लावून धावावें लागलें आणि त्यांची फार मोठी हानि झाली.

त्याच हिवाळ्यांत शेजारच्या आघाडीवर ब्रूस बेअर्न्सफादर नांवाचा एक इंग्रज अधिकारी फुरसतीच्या वेळीं चित्रें काढीत होता. १९१५ पासून तीं लंडनच्या एका साप्ताहिकांत येऊं लागलीं. झुबकेदार मिशांचा, कुरकुऱ्या, परंतु जागा न सोडणारा एक वयस्क शिपाई हा त्यांचा नायक. तोफगोळ्यानें पडलेल्या खड्ड्यांत दोघे बसले आहेत, चोहोंकडे गोळे फुटत आहेत, आणि एकजण दुसऱ्याला सुचवितो कीं, याहून बरा खड्डा ठाऊक असेल तर खुशाल तिकडे जा! या चित्रानें सारें इंग्लंड हंसलें. त्या हंसण्यांतच नवी गोष्ट होती. युद्ध म्हणजे पराक्रमाचा क्षण नव्हे, तर गैरसोयींचा दीर्घ काळ, हें प्रथमच घराघरांत पोहोंचलें.

या प्रकारच्या चित्रकलेला पूर्णत्व आलें तें दुसऱ्या महायुद्धांत, इटलीच्या भूमीवर, बिल मॉल्डिन या अमेरिकन तरुणाच्या हातून. त्याचा जन्म २९ ऑक्टोबर १९२१ रोजीं न्यू मेक्सिको प्रांतांतील एका गरीब कुटुंबांत झाला. शिकागो येथें वर्षभर चित्रकलेचें शिक्षण घेऊन १९४० सालीं तो सैन्यांत शिपाई म्हणून दाखल झाला. त्याच्या ४५ व्या डिव्हिजनचें स्वतःचें एक लहानसें वृत्तपत्र होतें. त्यांत तो चित्रें काढूं लागला. १० जुलै १९४३ रोजीं ही डिव्हिजन सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरली आणि तेथून इटलींत गेली. त्या वर्षाच्या अखेरीस उखळी तोफेच्या गोळ्याचा तुकडा लागून मॉल्डिन जखमी झाला. पुढील वर्षाच्या आरंभीं सैन्याच्या मोठ्या दैनिकानें त्याला आपल्याकडे घेतलें व एक जीप दिली. कांहीं दिवस आघाडीवर राहावें, तेथील माणसांबरोबर बसावें, आणि मागें येऊन चित्रें काढावींत, असा त्याचा क्रम होता.

त्याच्या चित्रांत दोन शिपाई नेहमीं येतात. विली आणि ज्यो. दोघांचीहि दाढी वाढलेली, खांदे पडलेले, डोळ्यांखालीं काळीं वर्तुळें. कपडे चिखलानें इतके जड झालेले कीं, ते अंगावर घातलेले नसून अंगावरून ओघळत आहेत असें वाटावें. मॉल्डिन जाड कुंचल्यानें आणि गडद काळ्या शाईनें काम करी. त्या काळ्या रंगांत रात्र, पाऊस, ओली माती आणि माणसाचा थकवा हीं सारीं एकजीव होतात. शत्रु या चित्रांत क्वचितच दिसतो, आणि शौर्याचा आविर्भाव तर कोठेंच नाहीं.

इटलींतील चिखलाचें थोडें वर्णन केल्यावांचून या चित्रांचा अर्थ कळणार नाहीं. या देशाच्या मध्यावरून अपेनाइन पर्वताची रांग गेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना अनेक नद्या समुद्राकडे धांवतात. मागें हटणारें जर्मन सैन्य प्रत्येक नदीवरचा पूल उडवी आणि पलीकडच्या तीरावर ठाण मांडी. एक नदी ओलांडली कीं दुसरी पुढें येई. शरदाबरोबर पाऊस सुरू होई; मोटारी चाकांच्या आंसापर्यंत रुतत, आणि डोंगरावर शिधा व दारूगोळा खेचरांच्या पाठीवर न्यावा लागे. अशा स्थितींत पायदळाचा शिपाई एका-दोघांपुरता खळगा खणी आणि त्यांत सांचलेल्या पाण्यांतच दिवस काढी.

पाय सतत थंड पाण्यांत राहिले म्हणजे त्यांतील रक्ताभिसरण मंदावतें. पाऊल प्रथम बधिर होतें, मग सुजतें, कातडी काळीनिळी पडते. वेळींच उपाय न झाल्यास तें कुजूं लागतें व कापण्याचीहि पाळी येते. या विकाराला सैनिकी भाषेंत ‘ट्रेंच फूट’ म्हणजे खंदकाचा पाय म्हणतात. त्यावरचा उपाय अगदीं साधा आहे : पाय चोळावेत, कोरडे करावेत, आणि कोरडे मोजे घालावेत. परंतु कोरडे मोजे आणावेत कोठून? मॉल्डिनच्या एका चित्रांत एक शिपाई दुसऱ्याला सांगतो कीं, काल तूं माझा जीव वांचविलास, त्याची फेड म्हणून माझ्याजवळचा हा शेवटचा कोरडा जोड तूं घे. वाचक प्रथम हंसतो. त्या चिखलांत कोरड्या मोज्यांचें मोल खरोखरच प्राणाइतकें होतें, हें ध्यानांत आल्यावर त्याचें हंसणें थांबतें.

दुसऱ्या एका चित्रांत वैद्यकीय मदतनीस जखमींना दिलें जाणारें पदक पुढें करीत आहे. शिपाई म्हणतो, तें एक माझ्याजवळ आहे, त्यापेक्षां डोकेदुखीची गोळी द्या. तिसऱ्या चित्रांत डोंगराच्या कड्यावर उभे राहून दोन अधिकारी सृष्टिसौंदर्य न्याहाळीत आहेत आणि एक विचारतो कीं, शिपायांसाठीं असाच एखादा वेगळा देखावा आहे काय! सैन्यांतील उच्चनीचतेवर इतका सौम्य आणि इतका खोल वार क्वचितच कोणी केला असेल.

हा वार सर्वांनाच मानवला नाहीं. अमेरिकेचे सेनापति जॉर्ज पॅटन यांना हीं चित्रें मुळींच पसंत नव्हतीं. त्यांच्या सैन्यांत शिपायानें दाढी केलीच पाहिजे, गळपट्टा बांधलाच पाहिजे, असा दंडक होता. १९४५ सालच्या मार्च महिन्यांत मॉल्डिनला त्यांच्यापुढें उभें करण्यांत आलें. हीं चित्रें शिस्तीचा घात करतात, सैनिकांना भणंगासारखें दाखवितात व वरिष्ठांविरुद्ध असंतोष पसरवितात, असा सेनापतींचा आक्षेप होता. मॉल्डिनचें म्हणणें असें कीं, कुरकूर शिपायाच्या मनांत आधींच आहे. ती छापलेली दिसली म्हणजे आपलें दुःख कोणाला तरी ठाऊक आहे असें त्याला वाटतें, आणि तो पुन्हां कामाला लागतो. दोघांपैकीं कोणाचेंहि मत बदललें नाहीं; चित्रें मात्र छापलीं जात राहिलीं.

पॅटन यांच्या आक्षेपांत तथ्य नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. स्वच्छता ही सैन्यांत शोभेची वस्तु नाहीं. जो शिपाई मोजे वाळवीत नाहीं तो आजारी पडतो, आणि एकजण आजारी पडला कीं त्याच्या पहाऱ्याचा भार दुसऱ्यावर येतो. परंतु सेनापतीला सैनिक जसा असावासा वाटतो तें एक चित्र, आणि सैनिक प्रत्यक्ष जसा आहे तें दुसरें. पहिल्याचा उपयोग कवाइतीला होतो. दुसऱ्याची गरज घरीं वाट पाहणाऱ्या माणसांना असते. १९४५ सालीं मॉल्डिनला पुलित्झर पारितोषिक मिळालें, तेव्हां तो अवघा २३ वर्षांचा होता. पारितोषिक मिळालेल्या चित्रावर वृत्तपत्री थाटाचें वाक्य आहे : विजयानें फुललेले ताजेतवाने सैनिक थकल्याभागल्या शत्रूंना कैद करून आणीत आहेत, अशा अर्थाचें. खालीं चित्रांत मात्र पाऊस कोसळत आहे. पकडणारे आणि पकडलेले सारखेच भिजलेले, सारखेच वांकलेले आणि सारखेच दमलेले आहेत.

येथवर ही गोष्ट परक्या देशाची वाटेल. परंतु इटलीच्या त्याच चिखलांत महाराष्ट्रांतील तरुणहि बसले होते. चौथी, आठवी आणि दहावी या भारतीय डिव्हिजन त्या आघाडीवर लढल्या, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी त्यांत होत्या. पांच हजारांहून अधिक भारतीय सैनिक त्या देशांत मरण पावले. त्या मराठा पलटणींतील दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे हे आजच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांवच्या बाजूचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. शिपाई नामदेव जाधव हे अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील. जन्म १८ नोव्हेंबर १९२१. मॉल्डिनची जन्मतारीख पुन्हां आठवावी : २९ ऑक्टोबर १९२१. अवघ्या एकवीस दिवसांच्या अवधींत पृथ्वीच्या दोन टोकांना जन्मलेले हे तीन तरुण एकाच देशाच्या मातींत येऊन पोहोंचले.

मॉल्डिनची डिव्हिजन सिसिलींत उतरली त्याला बरोबर एक वर्ष झालें त्या दिवशीं, म्हणजे १० जुलै १९४४ रोजीं, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत घाडगे यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडींतील प्रत्येक जण ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. घाडगे एकटे धांवून गेले. हातबाँब टाकून त्यांनीं गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदुकींत पुन्हां गोळ्या भरण्यास वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनेंच झोडपून ठार केलें. लगेच लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनीं ते स्वतः पडले. तेव्हां त्यांचें वय २२ वर्षांचें होतें.

जाधव यांची हकीकत पुढच्या वर्षींची. १९४५ च्या हिवाळ्याच्या अखेरीस सेनियो नदीच्या उंच बांधांत दोन्ही बाजूंचे सैनिक बिळें करून बसले होते. कांहीं ठिकाणीं अंतर इतकें थोडें कीं, पलीकडचा खोकला ऐकूं यावा. ९ एप्रिल रोजीं हल्ला झाला. जाधव यांनीं दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यांतून, सरळ चढाच्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यांतून सुरक्षित जागीं नेलें, आणि मग परत जाऊन शत्रूचीं तीन मशीनगनचीं ठाणीं नष्ट केलीं. शेवटीं बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनीं मागच्या तुकड्यांना पुढें बोलाविलें. ते वांचले आणि १९८४ पर्यंत जगले.

हीं दोन्ही वर्णनें सरकारी मानपत्रांतून आलेलीं आहेत. तीं खरीं आहेत व वंदनीयहि आहेत. परंतु त्यांत मोजून कांहीं मिनिटें आहेत. त्या मिनिटांच्या आधीं सेनियोच्या बांधांत जे दिवस गेले, त्यांचें काय? कणीक आणि डाळ खेचराच्या पाठीवरून वर पोहोंचेपर्यंत भिजून जात असेल, तेव्हां पोळ्या कशा भाजल्या जात? कोंकणांतील पावसाची संवय असलेल्या मुलाला बर्फ मिसळलेला पाऊस कसा वाटला? पत्र सेन्सॉरच्या हाताखालून जावयाचें, तेव्हां आईला काय लिहावें आणि काय गाळावें? आणि मुख्य म्हणजे, हे लोक आपसांत कशावर हंसत असत? कारण जेथें खंदक आहे तेथें विनोद असतोच. विली आणि ज्यो हे केवळ अमेरिकेंतच जन्मतात असें नाहीं.

भारतीय सैनिकांचीं चित्रें कोणीच काढलीं नाहींत, असें नव्हे. अँथनी ग्रॉस या इंग्रज चित्रकारानें १९४३ सालीं ब्रह्मदेशच्या सीमेवर त्यांचीं अनेक रेखाटनें केलीं. त्यांत आस्था आहे आणि बारीक निरीक्षणहि आहे. पण तें निरीक्षण पाहुण्याचें. चित्रांतील शिपाई काय बोलत आहे, तें चित्रकाराला ऐकूं आलें तरी कळणें कठीण होतें. आणि मॉल्डिनचें अर्धें सामर्थ्य तर चित्राखालच्या एका ओळींत आहे. ती ओळ लिहिण्यासाठीं त्याच खळग्यांत बसलेला, तीच भाषा बोलणारा माणूस लागतो.

असा माणूस मराठा पलटणींत असेलहि. मात्र त्याच्या हातीं वृत्तपत्र नव्हतें. अमेरिकन शिपाई हा उद्यांचा मतदार होता. त्यानें वरिष्ठाची थट्टा केली तर ती फार तर आगळीक ठरे. भारतीय शिपाई परक्या राज्यकर्त्याच्या हाताखालीं लढत होता, आणि त्याचे वरचे अधिकारी बहुतांशीं त्याच राज्यकर्त्या समाजाचे होते. तीच थट्टा त्याच्या तोंडीं निराळ्या अर्थाची झाली असती. म्हणून त्याची कुरकूर, त्याचा विनोद, त्याचें घराकडे ओढलेलें मन, हीं सारीं सोबत्यांच्या गप्पांत राहिलीं आणि सोबत्यांबरोबरच गेलीं. पुतळा व्हावा इतका मोठा तो ठरला. ओले मोजे पिळतांना दिसावा इतका जवळचा मात्र तो होऊं शकला नाहीं.

ही उणीव लहान नाहीं. जो समाज सैनिकाला फक्त पुतळ्यांत पाहतो, तो त्याच्याकडून पुतळ्याचीच अपेक्षा करूं लागतो. परतलेला सैनिक रात्रीं दचकून उठला, पावसाळ्यांत त्याचे पाय ठणकले, चारचौघांत तो गप्प राहिला, तर अशा घराला त्याचा अर्थ लागत नाहीं. विली आणि ज्यो यांना पाहिलेल्या घरांत निदान एक प्रश्न तरी विचारला गेला असेल : तेथें खरोखर असेंच होतें काय? आणि त्या प्रश्नानें पुष्कळांचीं तोंडें उघडलीं असतील.

याचा पुरावा मॉल्डिनच्या अखेरच्या दिवसांत मिळाला. २००२ सालीं तो कॅलिफोर्नियांतील एका शुश्रूषागृहांत आजारी पडून होता. स्मृति जवळजवळ गेली होती. ही वार्ता पसरली, तेव्हां त्या युद्धांतील वृद्ध सैनिक त्याला भेटावयास येऊं लागले. ज्यांना येणें शक्य नव्हतें त्यांनीं पत्रें पाठविलीं. पत्रांची संख्या हजारांवर गेली. साठ वर्षांपूर्वीं खळग्यांत बसून वृत्तपत्राचा जो तुकडा त्यांनीं पाहिला होता, त्याचे आभार मानावयास ते आले होते. पुढच्याच वर्षीं, जानेवारी २००३ मध्यें, मॉल्डिन निवर्तला.

यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगांवीं आहे, आणि इटलींतील कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचें नांव कोरलेलें आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत इटलींतील मोंतोने या गांवानें त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलें. कल्पना योग्य आहे. सूर्यघड्याळ हल्ल्याचा क्षण दाखवीत नाहीं. तें सबंध दिवस दाखवितें, एकेक तास सांवलीच्या संथ गतीनें. खंदकांत बसलेल्या माणसाचा वेळहि तसाच सरकत असतो.

नागपूर, कामठी आणि विदर्भांतील गांवोगांवीं अशीं घरें आहेत, जेथील कोणी ना कोणी ब्रह्मदेशांत, इटलींत किंवा त्यानंतर १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत आघाडीवर होता. त्या घरांतील जुन्या ट्रंकेंत पदक असेल तर तें बहुधा जपलेलें असतें. परंतु पदकाच्या खालीं एखादें पत्र, एखादी वही, पेन्सिलीनें काढलेली एखादी वेडीवांकडी आकृति असेल, तर तीहि तितकीच जपावी. आणि सांगणारा माणूस हयात असेल, तर त्याला लढाई कशी झाली हें विचारण्यापूर्वीं, त्या दिवसांत जेवण काय मिळे, झोंप कोठें लागे आणि हंसूं कशाचें येई, हें विचारावें. कित्येक घरांत हा प्रश्न त्याला कोणीच विचारलेला नसेल.